परी ऐकते कशी

आमच्या स्टुडिओत मला चाळणी म्हणतात. तोंडावर ताई, माघारी चाळणी. मला ते केव्हाच कळलंय, आणि राग येण्याऐवजी जरा बरंच वाटतं, कारण माझं कामच ते आहे. मुलांसाठी ॲनिमेशन चित्रपट बनतो तेव्हा पडद्यावरची एकच परी वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळी माणसं हलवत असतात. एकाकडे ती पळते, दुसरीकडे ती बोलते, आणि ते सगळे तुकडे एकापुढे एक लावले की ती एकच परी वाटली पाहिजे. एका शॉटमध्ये तिच्या कमरपट्ट्याची गाठ डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे असेल, तर तो शॉट माझ्याकडे अडकतो. दुसरं काम ओठांचं. आवाज आधी रेकॉर्ड होतो, तो स्वच्छ आहे ना हे मी ऐकून पास करते, आणि मग त्याबरहुकूम परीचे ओठ हलवतात. ‘प’ला ओठ मिटायला हवेत, ‘आ’ला उघडायला हवेत. त्यात केसभर फरक पडला तरी मला खुपतं. सवयच अशी लागली आहे की लोक बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात आणि मी ओठांकडे बघते. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलताना आपल्या दातांत काही अडकलंय की काय, अशी सारखी शंका येत राहते.

तर आमची परी. अंगठ्याएवढी, चिडकी, आणि तिच्या गावातून वारा नाहीसा झालेला. वारा नाही म्हणजे पंख असून उपयोग नाही, म्हणून बाईसाहेब वारा शोधायला पायी निघतात. वाटेत कासव भेटतं, बंद पडलेलं दीपगृह भेटतं, डोंगराला अडकून बसलेला एक ढग भेटतो, आणि ती प्रत्येकाला वाऱ्याचा पत्ता विचारते. पळणं, धडपडणं, कड्यावरून लोंबकळणं हे सगळं पैलवानाकडे होतं. पैलवान म्हणजे आमचा सगळ्यात जुना ॲनिमेटर. दारातून आत यायला त्याला जरा तिरकं व्हावं लागतं, आणि परी इतकी नाजूक पळवतो की बघत राहावं. विचारपूस, गप्पा, पत्ते हे काम नवीकडे होतं.

नवी खरोखरच नवी होती. माझ्या समोरच्या टेबलावर बसायची, कमी बोलायची. आधीच्या दोन स्टुडिओंतून तिला ‘हात संथ आहे’ म्हणून घरी पाठवलं होतं, आणि इथेही तिला पक्की केलेली नव्हती. परीचं काम कसं होतं ते बघू आणि मग ठरवू, असं दिग्दर्शकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इथूनही गेली असती तर तिला या धंद्यात पुन्हा कुणी उभं केलं नसतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

अर्धाअधिक चित्रपट झाला तेव्हा आम्ही तो स्टुडिओतल्याच छोट्या थिएटरात आमच्या लोकांच्या मुलांना दाखवला. मोठ्यांना काय आवडलं ते त्यांना विचारावं लागतं. मुलांचं तसं नसतं. कंटाळा आला की ती खुर्चीत उलटी होतात. परी कड्यावरून पडताना काही जण उलटे झाले होते. पैलवानाचा चेहरा बघवत नव्हता. पण परी कासवासमोर येऊन उभी राहिली, कासव आपल्या रटाळ आवाजात पत्ता सांगायला लागलं, आणि उलटी झालेली पोरं सुलटी झाली. कासवाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळी बघत होती ती परीकडे, आणि परी तर नुसती ऐकत होती.

चित्रपट संपल्यावर जिन्यात मी पाहिलं, एक चिमुरडी तिच्या बापाचं बोलणं परीसारखं ऐकत होती. आधी तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही. मग हनुवटी थोडी खाली, चेहरा किंचित डावीकडे, म्हणजे उजवा कान पुढे आला. मग एका बोटाने त्या कानावरचे केस मागे. बाप बोलायचा थांबेपर्यंत ती तशीच राहिली, आणि मग सरळ होऊन म्हणाली, “नाही.” तिच्या मागून येणारी दोघं भावंडंही एकमेकांशी हाच खेळ खेळत होती.

ही लकब परीला कुणी दिली? ठरलेल्या परीत ती नव्हती. परी कशी उभी राहते, कशी रुसते, कशी शिंकते हे सगळं सुरुवातीलाच ठरतं, आणि ते सगळं मला पाठ असतं. नवीचे शॉट मीच तपासले होते. एकेक तुकडा सुटा बघताना मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, आणि हीच गोष्ट मला जास्त झोंबली. चाळणीतून एवढी मोठी वस्तू गेली कशी?

दिग्दर्शकांनी मला, नवीला आणि पैलवानाला खोलीत बोलावलं. लकब सुंदर आहे, ते म्हणाले, पण पैलवानाची परी असं करत नाही. म्हणजे एक तर नवीने सगळं पुन्हा करायचं, नाहीतर पैलवानाने हे शिकायचं. आणि त्याआधी एक गोष्ट कळायला हवी, हे आलं कुठून? आमच्या मागच्या चित्रपटात एक अस्वल नाचत होतं, आणि ते नाचणं दुसऱ्या कुणाच्या चित्रपटातून उचललं आहे असा गवगवा झाला होता. तेव्हापासून आमचे दिग्दर्शक अस्वल म्हटलं तरी दचकतात. त्यांनी नवीला सरळ विचारलं की हे तू कुठे पाहिलंस.

“चित्रपटात नाही पाहिलं, सर,” नवी म्हणाली. “एका माणसात पाहिलंय.”

“कोण माणूस?”

“ते मला सांगता येणार नाही.”

दिग्दर्शकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, समजावून विचारलं, शेवटी जरा आवाज चढवून विचारलं. नवीच्या तोंडाला कुलूप. मग त्यांनी निकाल देऊन टाकला. शुक्रवारी दुपारपर्यंत तिने नाव सांगावं. नाही सांगितलं तर ते शॉट बाद, आणि संथ हाताच्या माणसाकडून एवढं काम पुन्हा करून घ्यायला स्टुडिओकडे वेळ नाही. याचा अर्थ काय ते लहान मुलालाही कळलं असतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. खरंच एखाद्या माणसाची लकब असेल तर त्याचं नाव सांगायला कसली आली आहे चोरी? कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठे याचा छडा मीच लावणार, असं मी ठरवून टाकलं. नवीला वाचवायचं म्हणून नाही. खोटं कशाला सांगू, मला फक्त जाणून घ्यायचं होतं. एखादी गोष्ट मला माहीत नाही आणि दुसऱ्या कुणाला माहीत आहे, हे मला सहन होत नाही.

आधी मी चोरीच्या बाजूने गेले. परीकथांचे जेवढे चित्रपट हाताशी होते तेवढे पुढे पळवत पाहिले. शेकडो पऱ्या. कुणी डोळे मोठे करून ऐकते, कुणी हात छातीशी धरते, कुणी ऐकतच नाही, नुसती गाते. आमच्या परीसारखं कुणीच करत नव्हतं. मग मी माणसांकडे वळले. जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओच्या उपाहारगृहात कोपऱ्यातली जागा पकडून बसले आणि डोळ्यांत तेल घालून एकेकाला बघितलं. रंगवाला ऐकताना मान हलवत राहतो, त्याला पटत नसलं तरी. हिशेबनीस ऐकताना पेन उघडतो आणि मिटतो. पैलवान ऐकतो तेव्हा त्याचं जेवण थांबतं, हे मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. दिग्दर्शक तर ऐकतच नाहीत, ते आपली पाळी यायची वाट बघतात. सगळा स्टुडिओ पालथा घातला, पण परी सापडली नाही.

मग मला एक युक्ती सुचली, आणि ती माझ्याच कामातली होती. नवीचे शॉट मी आतापर्यंत गोष्टीच्या क्रमाने बघत होते. आता ते बनले त्या क्रमाने लावले. सगळ्यात आधी बनवलेला, मग त्यानंतरचा, असे. आणि मी खुर्चीत पुढे सरकले. पहिल्या शॉटमध्ये परी फक्त ओठांकडे बघत होती, बाकी काही नाही. नंतरच्यांत चेहरा वळायला लागला. पुढे कान मोकळा करायला बोट आलं. आणि अगदी अलीकडच्या, ढगाच्या प्रसंगात तर ती अर्धं पाऊल सरकून ढगाला आपल्या उजव्या हाताला घेत होती, आणि मगच म्हणत होती, बोला.

म्हणजे ही नुसती लकब नव्हती. हा जो कोणी माणूस होता त्याला डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं, आणि दिवसेंदिवस कमीच ऐकू येत होतं. नवीने ते जसंच्या तसं टिपलं होतं, कदाचित तिच्याही नकळत. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. एखाद्या हुशार डॉक्टरला रोगी न बघता रोग ओळखल्यावर होत असेल तसा.

मी लगेच नवीकडे गेले आणि तिला म्हटलं, तुझा माणूस बहिरा होत चालला आहे, बरोबर? तिचा चेहरा एकदम उतरला. घरी कुणी म्हातारं आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, घरी फक्त आई आहे, आणि तिचे कान इतके तिखट आहेत की शेजारच्या घरातला कुकर तीच बंद करायला सांगते. मग मामा? काका? घरमालक? मी एकेक नातं घेत गेले आणि ती नाही म्हणून मान हलवत गेली. शेवटी तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला त्याचा अर्थ लागेना. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती स्वतःसाठी वाटत नव्हती.

“ताई,” ती म्हणाली, “सोडा ना ते आता.”

सोडेन तर मी कसली. घरी गेले तीही तोच भुंगा डोक्यात घेऊन. ॲनिमेटर लोकांची एक जुनी रीत आहे. एखादी हालचाल समजत नसेल तर ती स्वतः करून बघायची. त्यासाठीच त्यांच्या प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. मी विचार केला, आपणही करून बघू. परीसारखं ऐकून पाहिलं तर तो माणूस कसा असेल ते आतून कळेल.

नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वाटाणे सोलत बसला होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, तू काहीही बोलत राहा, मी एक नक्कल करून दाखवते, कशी वाटते सांग. त्याला माझ्या असल्या फर्मानांची सवय आहे. त्याने वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या गळक्या नळाचं पुराण सुरू केलं. मी अगदी शिस्तीत केलं. आधी ओठ. मग हनुवटी. मग चेहरा डावीकडे. मग बोटाने केस मागे. नळाची गोष्ट प्लंबरपर्यंत आली आणि तो थांबला.

“कर ना मग नक्कल,” तो म्हणाला.

“केली की.”

“कधी? तू तर नेहमी ऐकतेस तशी ऐकत होतीस.”

मी हसले. मला वाटलं माझी थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. वाटाण्याची शेंग हातात तशीच धरून तो जरा गोंधळल्यासारखा माझ्याकडे बघत होता. मग तोच आठवून आठवून सांगायला लागला. बोलताना मी हल्ली अशीच बसते. बाहेर चालताना नेहमी त्याच्या डाव्या हाताला येते, तो चुकून त्या बाजूला गेला तर मागून फिरून पुन्हा तिथेच. त्याला वाटायचं, मला तसं आवडतं. “मला बरं वाटायचं ते,” तो म्हणाला.

त्याच्या डाव्या हाताला चाललं की तो माझ्या उजव्या कानाशी येतो. एवढा साधा हिशेब करायला मला बराच वेळ लागला.

मी उजव्या कानात बोट घट्ट घातलं आणि त्याला म्हटलं, बोल काहीतरी. तो म्हणाला, वाटाणे संपत आले, भांडं दे दुसरं. मला शब्द न् शब्द कळला. केवढा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू. मी त्याला तसं म्हटलंही, की उगाच घाबरवतोस, दोन्ही कान ठणठणीत आहेत. माझा नवरा दिसतो तेवढा भोळा नाही. त्याने सालांची ताटली उचलली, स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि पुन्हा बोलायला लागला. ताटलीच्या खाली त्याचा गळा हलताना मला दिसत होता. बाकी काहीच नव्हतं. लांब कुठेतरी कुणी गुणगुणावं एवढाच आवाज. मी कानातलं बोट काढलं तेव्हा तो म्हणत होता, “ऐकू येतंय का तुला? सांग ना, येतंय का?”

म्हणजे मी ऐकत नव्हतेच. मी ओठ वाचत होते. आयुष्यभर ओठ आणि आवाज जुळवून जुळवून मला ओठ इतके पाठ झाले होते की कान कमी पडायला लागला तेव्हा डोळ्यांनी त्याचं काम गुपचूप उचललं, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. स्टोअरवाल्याशी मी किती भांडले होते. हेडफोनची डावी बाजू बारीक वाजते म्हणून मी ते दोनदा बदलून घेतले होते, आणि दुसऱ्यांदा तर त्याची तक्रारही केली होती. बिचारा.

मला भीती वाटली. सरळ सांगते, फार भीती वाटली. बहिरी होण्याची तर होतीच, पण त्याहून जास्त दुसरी. ओठ आणि आवाज जुळवणाऱ्या बाईचा एक कान गेला, हे कळल्यावर तिला त्या खुर्चीवर कोण ठेवेल? आणि ती खुर्ची गेली तर मी कोण? नवऱ्याने माझा हात धरला आणि काहीतरी म्हटलं. मी उजव्या कानात पुन्हा बोट घातलं होतं आणि त्याच्या ओठांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे काय म्हणाला ते मला आजही माहीत नाही.

दुसरा दिवस शुक्रवारच होता. सकाळी स्टुडिओत नवी माझ्या आधी येऊन बसली होती. तिने टेबल आवरून ठेवलं होतं, रंगीत पेन्सिलींचा डबासुद्धा पिशवीत गेला होता. मी तिला रिकाम्या थिएटरात घेऊन गेले आणि दार लावलं.

“तुला केव्हापासून माहीत आहे?” मी विचारलं.

कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही. “आल्यावर थोड्याच दिवसांत,” ती म्हणाली. “मी तुमच्या डाव्या बाजूने येऊन काही विचारलं की तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत. मला वाटलं रागावलात. मग समोर येऊन तेच विचारलं की नीट सांगायचात.”

“मग बोलली का नाहीस मला?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय. तुमचं कामच आवाजाचं. सरांना नाव सांगितलं असतं तर लगेच कळलं असतं सगळ्यांना. काल तुम्ही तो माणूस बहिरा आहे का विचारलंत, तेव्हा मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी सांगते का ते बघताय.”

या मुलीचं सगळं पणाला लागलं होतं, आणि माझ्यासाठी ती मूग गिळून बसली होती. आणि मी? मी तिच्या मामा-काकांची यादी काढत फिरत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. मग विचारलं, पण ते परीत घातलंस कशाला?

“मुद्दाम नाही घातलं, ताई. परी ऐकते असं मनात आणलं की हातून तेच व्हायचं. माझं बोलणं इतकं जीव लावून आधी कुणी ऐकलं नव्हतं.”

“अगं, जीव लावून नाही. ऐकू येत नव्हतं मला.”

“हो,” ती म्हणाली. “पण तुम्ही तरीही ऐकायचात.”

दुपार व्हायला अजून वेळ होता, आणि तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला हवं. मी गप्प बसले तर काहीच बिघडत नव्हतं. नवी बोलणार नव्हती. नवरा तर घरातला. मी समोरासमोर बसून आणखी कित्येक वर्षं काढली असती. नवी गेली असती, दुसरी कुणी आली असती, परी सरळ मानेने ऐकायला लागली असती, आणि मुलं खुर्चीत उलटी झाली असती. एवढंच. मला तो विचार आला, आणि थोडा वेळ तो मला आवडलासुद्धा.

दिग्दर्शकांच्या खोलीत पैलवान आधीच बसला होता. नवी दारापाशी उभी होती. दिग्दर्शकांनी तिच्याकडे बघून तोंड उघडायच्या आधीच मी बोलले.

“सर, ती लकब माझी आहे. माझा डावा कान गेलाय. मलाच माहीत नव्हतं, तिला होतं.”

कुणी काहीच बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. मग दिग्दर्शकांनी जो प्रश्न विचारला तो मला अपेक्षित होता. मग आतापर्यंत तुम्ही पास केलेले आवाज? मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. तेच योग्य होतं.

तपासले. ओठ सगळे जागच्या जागी होते, एकही चूक नाही. पण दीपगृहाच्या प्रसंगात, डाव्या बाजूच्या आवाजात, रेकॉर्डिंग करणाऱ्याचा खोकला राहून गेला होता. परी दीपगृहाला वाऱ्याचा पत्ता विचारते आणि कुणीतरी खोकतं. तो मीच पास केला होता. दिग्दर्शक रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. आवाज तपासण्याचं काम त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या मुलीकडे दिलं. हालचाली आणि ओठ माझ्याकडे राहिले. कानाच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, यंत्र लावलं तर थोडी मदत होईल. यंत्र लावलं. ते सगळंच मोठं करून ऐकवतं, खुर्च्यांच्या करकरीसकट.

परीची लकब मात्र राहिली. ती माझी असल्यामुळे चोरीचा प्रश्न उरला नव्हता. म्हणजे आता पैलवानाला ती शिकायची होती, आणि शिकवणार कोण, तर मी. नवीबद्दल दिग्दर्शक फक्त ‘बघतो’ म्हणाले होते. त्यांचं बघणं म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. ती रोज येऊन काम करत होती, आणि पेन्सिलींचा डबा अजून पिशवीतच होता.

पैलवान माझ्यासमोर वही घेऊन बसला. तो बोलायचा, मी ऐकायचे, आणि तो माझं ऐकणं कागदावर उतरवायचा. जमेना. एकदा कळलं की आपण काय करतो, की ते करताच येत नाही. मी मान वळवायचे तर ती रंगमंचावर वळवल्यासारखी वळायची. केस मागे घेताना बोट डोळ्यात जायचं. पैलवान बिचारा मनापासून घरच्या भानगडी सांगत होता, आणि मी त्यातलं एक अक्षर ऐकत नव्हते, कारण मी ऐकण्याची नक्कल करण्यात गुंतले होते. शेवटी नवी तिच्या टेबलावरून उठून आली आणि मला माझंच ऐकणं शिकवायला लागली. आधी ओठ, ताई. घाई नका करू. हनुवटी नंतर. मी म्हटलं, चाळीस वर्षं हे डोकं माझ्या मानेवर आहे, मला शिकवू नकोस. आणि पुन्हा चुकले.

तेवढ्यात दिग्दर्शकांनी नवीला आत बोलावलं. ती गेली. पैलवानाने पेन्सिल खाली ठेवली. मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे, असे आम्ही बसून राहिलो. दार उघडायला फार वेळ लागला.

ती बाहेर आली ती आमच्याकडे आलीच नाही. तिथेच थांबली. रडत होती की हसत होती ते दोन्ही हातांनी तोंड झाकल्यामुळे दिसत नव्हतं. हातांच्या आडून ती माझ्याकडे बघत काहीतरी बोलली. ओठ दिसत नव्हते. यंत्रात नुसती खरखर झाली. मी उठले. तिच्यापाशी गेले, अर्धं पाऊल सरकून तिला उजव्या हाताला घेतलं, केस मागे केले, आणि सगळा जीव त्या एका कानात आणून म्हटलं, “पुन्हा सांग.”

“पक्की केली मला,” ती म्हणाली.

मागून पैलवानाच्या पेन्सिलीचा आवाज यायला लागला होता. ते मला कुणीतरी नंतर सांगितलं.